चव्वेचाळीस अंशांचे पाणी

नागपुरात चक्कर आली की ती उन्हाळ्यात उन्हाची असते आणि उरलेल्या महिन्यांत पित्ताची, असा आमच्या वस्तीतला सर्वमान्य वैद्यकीय सिद्धान्त आहे. त्यामुळे अंथरुणात कूस बदलताच खोली गरगरण्याचा माझा विकार अंतर्कर्णाचा, म्हणजे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा असावा, असे धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा शेजारचे काकाजी उघडपणे नाराज झाले. ‘कानाचं अन् चकरीचं काय लेनदेन? खिशात कांदा ठेवत जा,’ एवढे सांगून त्यांनी प्रकरण निकालात काढले.

कानाच्या तोलाची चाचणी ठरली आणि तिच्या दोन दिवस आधीपासून चकरेच्या गोळ्या बंद ठेवाव्यात आणि चहा-कॉफीही घेऊ नये, अशी सूचना मिळाली. चक्कर भेसळ न होता यावी, हा त्यामागचा उद्देश शास्त्रीय असला तरी चहावाचून ती आली काय आणि न आली काय, मला सारखेच झाले होते.

चाचणीच्या खोलीत डोळ्यांवर अवरक्त कॅमेरे बसवलेला काळा चष्मा चढवण्यात आला, कारण तोल बिघडला की बुबुळे एका बाजूला सरकतात आणि झटक्याने परत येतात, आणि रुग्णाच्या वर्णनापेक्षा बुबुळांच्या साक्षीवर या शास्त्राचा अधिक भरवसा आहे. मग डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी १९५२ साली वर्णिलेल्या पद्धतीने, मान ४५ अंशांत वळवून, मला टेबलावर झटकन मागे असे निजवले की डोके कडेखाली लोंबू लागले. काही क्षण काहीच झाले नाही. मग सगळे धंतोली फिरू लागले. ‘आले, आले! डोळे मिटू नका, काका!’ असे तंत्रज्ञ ताई ज्या आनंदाने ओरडल्या, तो आनंद माझ्या कोणत्याही यशाने आजवर कुणाला झालेला नाही.

खरी कसोटी कानात सोडायच्या पाण्याची होती. व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान धूत असत, तेव्हा पाणी थंड असले तरी चक्कर येई आणि फार गरम झाले तरी येई, मात्र डोळे उलट दिशेने धावत. या निरीक्षणातून पुढे त्यांना १९१४ चे नोबेल मिळाले, ज्याची बातमी त्यांना रशियन युद्धकैदेत कळली. गार पाणी ३० अंशांचे आणि गरम ४४ चे, म्हणजे शरीराच्या ३७ पेक्षा सात खाली आणि सात वर, असे हे माप आहे. ज्या शहराने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश सोसले, त्या शहरातल्या माणसाला ४४ अंशांनी घाबरवण्याची कल्पना मला किंचित अपमानकारक वाटली. आमच्या गच्चीवरच्या टाकीतले मे महिन्यातले पाणी या चाचणीसाठी आधी निववावे लागेल, असे मी ताईंना सांगितलेही. परंतु चाचणीचे ते ४४ अंशांचे पाणी कानात अर्धा मिनिट सोडल्यावर माझा प्रादेशिक अभिमान टेबलावरून घरंगळू लागला.

मन गुंतलेले नसले तर मेंदू डोळ्यांची ही धावपळ दाबून टाकतो, म्हणून त्या वेळी रुग्णाला बोलते ठेवतात. पहिल्या कानाला नागपूरच्या वस्त्यांची नावे विचारली गेली. सीताबर्डी, महाल, इतवारी, जरीपटका इथवर मी सुखरूप पोहोचलो, आणि वाडी ही नागपूर धरायची की नाही यावर त्या अवस्थेतही ताईंशी वाद घातला. दुसऱ्या कानाच्या वेळी मात्र त्यांनी खाद्यपदार्थांची नावे मागितली. पोटातले सगळे घशाशी आलेले असताना ‘तर्री-पोहे’ आणि ‘सावजी मटण’ हे शब्द उच्चारायला लावणे ही वैद्यकशास्त्राची गरज असेल. माणुसकीची खचित नव्हे.

दोन्ही कानांनी पाण्याला सारखाच प्रतिसाद दिला होता. दोष निघाला तो उजव्या कानात, जिथे कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे आपली जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते. डॉक्टरांनी एपली नावाच्या डॉक्टरांच्या पद्धतीने माझे डोके टप्प्याटप्प्याने फिरवून ते मूळ जागी परतवले. ना गोळी, ना शस्त्रक्रिया.

घरी आल्यावर कानात खडे निघाल्याचे ऐकून काकाजींची कळी प्रथमच खुलली. मुतखड्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. संध्याकाळी ते पानफुटीची मूठभर पाने घेऊन आले आणि ती खायची की कानात पिळायची, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.