‘पुढचा अ‍ॅक्सल सांगितला, बिल अर्ध्या गाडीचं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. तक्रार अशी: काम फक्त पुढच्या अ‍ॅक्सलचं दिलं होतं, आम्ही स्टिअरिंग, ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल असं सगळं बिलात चढवलं, आणि एवढं करून गाडी ताशी 55 मैलांच्या पुढे थरथरते.

गाडी 1985 ची शेव्हरोले के-10, फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप. अमेरिकेतल्या युटामधल्या मोआबच्या खडकांवर न्यायची म्हणून एक टनी के-30 पिकअपचा डाना 60 हा दणकट पुढचा अ‍ॅक्सल तुम्ही स्वतः भंगारातून आणलात. निवड उत्तम. डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा, जुन्या-नव्या दोन्हींचं उजवीकडे, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागाही जुळतात. नुसता अ‍ॅक्सल खाली लटकवणं फार अवघड नाही. सोपं दिसतं म्हणूनच लोक तिथे थांबतात.

मागचा अ‍ॅक्सल का? तुमचा 3.08 रेशोचा, आणलेला 4.10 चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तितके फेरे. फोर-व्हील टाकलं की ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) दोन्ही अ‍ॅक्सलकडे जाणारे शाफ्ट एकत्र बांधते, आणि रेशो वेगळे असले तर काहीतरी तुटेपर्यंत ओढाताण चालते. शिवाय पुढच्या चाकाला 8 नट, मागच्याला 6. स्टेपनी कुठल्या मापाची ठेवणार होतात? ब्रेकचं तर सरळ आहे: कॅलिपर मोठे झाले, पेडलमागून ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरने पेडल खोल जातं. हे सगळं कोटेशनमध्ये होतं, तुमची सही आहे.

स्टिअरिंगबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण ‘उगाच बदललं’ हा शब्द मला लागला. या शेव्हरोलेत कंपनीचा पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा दांडा) पुढे-मागे हलतो आणि त्याला जोडलेली ड्रॅग लिंक ही सळई डाव्या नकलला, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याला, ढकलते-ओढते. गाडी उंच केली की ती लिंक तिरकी होते. मग पाटा वरखाली झाला की तुम्ही स्टिअरिंगला हात न लावता चाक वळतं. खडकावर चालून जाईल, हायवेवर शेजारच्या लेनमध्ये जाल. म्हणून टू-व्हील ड्राइव्ह शेव्हरोलेचा बॉक्स घातला, त्याचा आर्म आडवा हलतो, आणि तिथून उजव्या नकलच्या डोक्यावरच्या आर्मपर्यंत लांब लिंक नेली. तो आर्म किंगपिनच्या, म्हणजे नकल ज्यावर फिरते त्या खिळीच्या, टोपणाच्या जागी बसतो. उघडल्यावर आतलं बुश झिजलेलं, स्प्रिंग दबलेली निघाली. तीही नवी घातली. त्या अ‍ॅक्सलचा किंगपिन 500 ते 600 फूट-पाउंडांनी आवळावा लागतो, घरच्या पान्याचं काम नाही ते.

आणि चेसी. स्टिअरिंग बॉक्स बसतो नेमका तिथेच या गाड्यांच्या चेसीला तडा जातो, ही त्यांची जुनी खोड. तुमच्या चेसीलाही होता, वेल्डिंगच्या आधीचा फोटो तुम्हाला पाठवला होता. तडा तसाच ठेवून वर नवा बॉक्स बांधणारा मिस्त्री मिळेलही तुम्हाला. मी नाही.

आता थरथर. आमच्याकडून गाडी गेली तेव्हा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, 5 अंश होता, मोजल्याचा कागद बिलाला जोडलेला आहे. तुम्ही अभिप्रायासोबत जो फोटो टाकलाय तो मोठा करून बघा: पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची पाचर दिसते. ती आम्ही घातलेली नाही. पाटेही आमचे नाहीत, त्याहून उंच आहेत. गाडी उचलल्यावर पुढच्या शाफ्टचा कोन वाढला असणार, आणि कुणीतरी पिनियनचं (शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडतो त्या गिअरचं) नाक वर करायला ती पाचर ठोकली. पण हा अख्खा अ‍ॅक्सल एका तुकड्यात फिरतो हो! पिनियन जितके अंश वर गेलं, तितके अंश कॅस्टर कमी झाला. त्यात 37 इंची टायर. वेगात चाकं सरळ राहायला कॅस्टरच लागतो, तो काढून घेतल्यावर स्टिअरिंग हातात नाचणारच.

गाडी आणा, पण ट्रेलरवर घालून. चालवत हायवेला काढू नका, हे कळकळीने सांगतो. पाचर काढून कॅस्टर पुन्हा मोजण्याचे पैसे घेणार नाही. उंच पाटे ठेवायचेच असतील तर नकलमागचे, अ‍ॅक्सलच्या टोकांना वेल्ड केलेले ‘सी’ आकाराचे तुकडे कापून, फिरवून परत वेल्ड करावे लागतील. म्हणजे पिनियन वर राहून कॅस्टरही मिळेल. ते काम महाग आहे. त्याचं कोटेशन आधी देईन, तुम्ही हो म्हणाल तरच हात लावेन.