साठेबाजी नव्हे, वर्षाचे धान्य

मार्च २०२० मध्ये किराणा दुकानांपुढे झालेली गर्दी म्हणजे निव्वळ घबराट आणि साठेबाजी होती, असे कोरोनाच्या टाळेबंदीवरील एका लेखात म्हटले आहे. मोठ्या शहरांपुरते ते खरे असेलही, परंतु खान्देशातील घरांवर तोच शिक्का मारणे अन्यायाचे आहे. आमच्याकडे गहू आणि दादर (रब्बीची ज्वारी) वर्षभराची एकदम भरण्याची रीत आहे आणि ही खरेदी रब्बीचा माल निघाल्यावर होते. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, टाळेबंदी लागू झाली तेव्हा अनेक घरांतील कोठ्या तळाला गेल्या होत्या, नवे धान्य यायचे होते. त्यामुळे त्या आठवड्यात ज्याने पोतेभर गहू घेतला त्याने दरवर्षीचेच काम थोडे आधी उरकले.

खरे हाल झाले ते रोजच्या मजुरीतून पावशेर तेल आणि चहाची पुडी आणणाऱ्यांचे. एप्रिलपासून रेशनवर माणशी ५ किलो तांदूळ मोफत मिळू लागला, त्याचा आधार मोठा होता. मात्र कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या) भाकरीवर वाढलेल्या घराला नुसता भात किती दिवस पुरणार?

वाळवणाचेही तसेच. कुरडयांचा चीक शिजवताना एकीने पातेले धरायचे, दुसरीने घोटायचे, तिसरीने साचा दाबायचा, असे हे गल्लीने मिळून करायचे काम त्या उन्हाळ्यात घरातल्या दोघी-तिघींवर पडले, आणि अनेकींनी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातलाच नाही. लेखकाने या बाजूचीही नोंद घ्यावी, ही कळकळीची विनंती.