1916 साली पुण्यात कुणी टोप्या उडवल्या नाहीत

पदवीदान समारंभांचे दिवस आले की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. 1916 साली पुण्यात महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात मुलींनी काळे झगे घालून पदव्या घेतल्या आणि टोप्या हवेत उडवल्या. भारतात बाईला पदवी मिळाली ती तेव्हाच, पहिल्यांदा. हे सगळं मुंबईचे गिरणीमालक ठाकरसी शेठजींच्या पंधरा लाखांमुळे घडलं. आणि शिकवत मात्र नुसता स्वयंपाक आणि शिवण. यातल्या तीन गोष्टी साफ चुकीच्या आहेत, चौथी अर्धवट. मजकूर कौतुकानेच लिहिलेला आहे, पण त्यात त्या मुलींनी खरोखर जे केलं तेच झाकलं जातं.

कर्व्यांचं हे भारतवर्षीय महिला विद्यापीठ, म्हणजे आजचं एस.एन.डी.टी., स्थापन झालं जून 1916 मध्ये. त्याच पावसाळ्यात पुण्याजवळ हिंगण्याला त्याचं कॉलेज, महिला पाठशाळा, उघडली, तीही बोटांवर मोजण्याइतक्या मुली घेऊन. नाव घातलं त्याच वर्षी पदवी कुणाला मिळते? टोप्या उडवण्याची रीत तर अमेरिकेतल्या नौदल अकादमीतली, 1912 ची म्हणून सांगितली जाते. तिचा हिंगण्याच्या माळाशी काय संबंध?

आता ‘पहिली पदवी’. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू 1883 सालीच पदवीधर झाल्या होत्या. पुण्यापुरतं बोलायचं तर डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1880 च्या दशकातच मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, तेव्हा कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमही काढलेला नव्हता. आणि एवढ्यावर ती हकिकत संपत नाही. गुणांच्या जोरावर मिळायला हवी होती ती विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून त्यांना नाकारली गेली. पुढे त्या ऑक्सफर्डला गेल्याच, 1892 साली कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसल्या. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नसे. कॉर्नेलियाबाईंच्या हाती ती पडली 1922 साली, तब्बल तीस वर्षांनी! हे पुसून 1916 ला ‘पहिली’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. सर विठ्ठलदास ठाकरसींची देणगी मोठी होती आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नावही त्यामुळेच मिळालं. पण ती आली 1920 साली. आधीची चार वर्षं विद्यापीठ चाललं ते लहानमोठ्या वर्गण्यांवर आणि कर्व्यांच्या पायपिटीवर. तेव्हा कर्वे साठीच्या घरात होते.

राहिला स्वयंपाक-शिवणीचा मुद्दा. गृहजीवनाचे विषय अभ्यासक्रमात होते, हे खरं. बाईला घरासाठीच शिकवायचं का, ही टीका तेव्हाही झाली आणि मला ती रास्त वाटते. पण ‘नुसतं’ हे खोटं. इंग्रजी सक्तीचं होतं. फरक इतकाच की बाकीचे विषय मातृभाषेतून शिकवत, आणि उच्च शिक्षणात हे धाडस त्या काळी फार थोड्यांनी केलं. कुलपती होते संस्कृतचे गाढे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू केंब्रिजला गणितात चमकलेले रँग्लर परांजपे; शिवणवर्गासाठी अशी माणसं कोण बोलावतं? इथली पदवी ‘गृहीतागमा’, म्हणजे जी.ए., आणि त्यापुढची पी.ए. विभावरी शिरूरकर या नावाने लिहून अवघ्या महाराष्ट्रात खळबळ उडवणाऱ्या मालतीबाई बेडेकर इथल्याच.

आणि फिरत्या मजकुरात जे मुळीच नसतं, ते माझ्या मते सगळ्यात मोठं. या विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती. तिचा कायदा झाला 1949 साली. तोवर जी.ए. झालेली मुलगी नोकरीला गेली की आधी ‘ही कसली पदवी?’ याचं उत्तर द्यायची आणि मग आपलं काम दाखवायची. घरचा विरोध, लोकांची कुजबुज, वर सरकारदरबारी शून्य किंमत, एवढं सगळं दिसत असूनही मुली हिंगण्याला नाव घालत राहिल्या. तो मजकूर पुन्हा आला तर टोप्यांचं वाक्य काढा आणि त्या जागी हे घाला.