मरण टळलं की घरातला दुसरा जातो म्हणे!

एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. माझ्याकडे आधीही आला होता, चार ओळी वाचून सोडून दिला होता. पण परवा तो मावशीने ‘अगदी खरं आहे हे’ असा शेरा मारून घरच्या ग्रुपवर टाकला. काका हार्टचे पेशंट. अँजिओप्लास्टी झाली तेव्हाच डॉक्टरांनी घरातल्या कुणीतरी सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून त्याला जगवायची पद्धत, शिकून घ्या म्हणून सांगितलं होतं. मावसबहीण आता कुठे वर्गाला नाव घालायला निघाली, तर मावशी म्हणते, “राहू दे गं, एकाचं टळलं की दुसऱ्यावर येतं.” आता मात्र गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेत ‘ट्रू कॉलिंग’ नावाची मालिका होती. शवागारात काम करणाऱ्या मुलीला प्रेतं ‘मला वाचव’ म्हणतात, तिचा तोच दिवस पुन्हा पहाटेपासून सुरू होतो आणि ती धावपळ करून त्या माणसाचं मरण टाळते. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे लिहिलंय की ही सत्यकथा होती. गुपित फुटायला लागलं म्हणून सरकारने मालिका बंद पाडली. इंग्लंडात तर येणाऱ्या संकटांची आगाऊ नोंद ठेवणारं सरकारी खातंच होतं आणि त्याने शेकडो जीव वाचवले. मेल्यावरही मेंदू चालू असतो. आणि ‘अमेरिकन संशोधन’ सांगतं म्हणे, वेळ भरलेल्याला वाचवलं तर ‘निसर्ग हिशोब पुरा करतो’, त्याच घरातलं दुसरं कुणीतरी जातं.

सत्यकथा वगैरे काही नाही. जॉन हार्मन फेल्डमन या माणसाने रचलेली ती काल्पनिक मालिका. एलायझा दुश्कू नायिका, ट्रू डेव्हिस तिच्या पात्राचं नाव. विषय संपला.

सरकारने बंद पाडली, हे त्याहून हास्यास्पद. फॉक्स वाहिनीवर ३० ऑक्टोबर २००३ ला ती सुरू झाली. गुरुवारी रात्री आठची वेळ आणि समोर कोण, तर ‘फ्रेंड्स’चं शेवटचं पर्व आणि ‘सर्व्हायव्हर’. त्या दोन तुफान लोकप्रिय कार्यक्रमांपुढे नव्या मालिकेचं काय होणार? पहिल्या पर्वाचे २० भाग झाले. दुसऱ्याचे कसेबसे सहा बनले आणि त्यातलाही शेवटचा, नाताळचा भाग, तेव्हा अमेरिकेत दाखवलाच नाही. तो ‘दाबलेला’ भाग पुढे डीव्हीडीच्या संचात राजरोस विकला गेला. सरकारला गुपित लपवायचं असतं तर ते दुकानात मांडू दिलं असतं का? बघणारे कमी पडले, मालिका गुंडाळली. आपल्याकडे टीआरपी घसरला की सून एका रात्रीत परदेशी जाते, तसलाच प्रकार.

इंग्लंडच्या खात्याबद्दल मात्र अर्धं खरं आहे हे मान्य करायला हवं, नाइलाजाने. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन या गावात, डोंगरावर रचलेला कोळशाच्या खाणीतला टाकाऊ ढीग पावसाने सुटून खाली आला आणि शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. त्यानंतर जॉन बार्कर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने वर्तमानपत्रातून आवाहन केलं की कुणाला याची आधी चाहूल लागली होती का, ते कळवा. ७६ उत्तरं आली. शाळेवर काहीतरी काळं पसरल्याचं स्वप्न दहा वर्षांच्या एका मुलीने आदल्या दिवशी आईला सांगितलं होतं, तीही गोष्ट त्याच काळातली, आणि ती वाचताना माझ्याही अंगावर काटा आला. पण ही उत्तरं सगळं घडून गेल्यावर आलेली आहेत, हे फॉरवर्डवाला सोयीस्कर गाळतो.

म्हणून मग १९६७ साली ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ या लंडनच्या दैनिकात एक नोंदणी कक्ष उघडला. सरकारी नाही, वर्तमानपत्राचा. लोकांनी स्वप्नं, भास, हुरहूर काय असेल ते आधीच कळवायचं, नंतर ताडून बघायचं. एकूण ७२३ भाकितं जमा झाली. त्यातली १८ जुळली असं त्यांनीच धरलं, आणि त्या १८ पैकी १२ फक्त दोन व्यक्तींची. वाचवलेले जीव? शून्य. एकही दुर्घटना टळली नाही. स्वतः बार्कर १९६८ साली मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, वय अवघं ४४.

आणि खरा संताप यावा अशी गोष्ट पुढेच आहे. अ‍ॅबरफॅनची सूचना आधी मिळाली होती, अगदी लेखी. तिथल्या नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ सालीच पत्र लिहिलं होतं आणि त्याचा विषयच होता, शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या खाणीच्या गाळाचा धोका. ढीग झऱ्यांवर रचला होता, तेही गुपित नव्हतं. नंतरच्या चौकशी न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी धरलं. त्या मुलांना वाचवायला कुणाला स्वप्न पडायची गरज नव्हती. टेबलावरचं पत्र वाचून ढीग हलवायची गरज होती. ही एक गोष्ट कळली तरी अख्खा फॉरवर्ड निकालात निघतो.

आता तो ‘हिशोब’. हे वाक्य मालिकेत कुणाचं, ठाऊक आहे? जॅक हार्परचं. पहिल्या पर्वाच्या उत्तरार्धात शवागारात कामाला येतो तो. जेसन प्रीस्टलीने केलाय. त्याचाही दिवस ट्रूसारखाच मागे जातो, पण हा उलट्या कामाला लागतो. जो मेला तो मेलाच पाहिजे, ट्रू मध्ये पडून सगळं बिघडवते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे नायिकेच्या वाटेत आडवा येणाऱ्या पात्राचं तत्त्वज्ञान उचलून ‘अमेरिकन संशोधन’ म्हणून छापलंय! उद्या शकुनीमामाची वाक्यं सुविचार म्हणून येतील. बरं, वाचलेल्याच्याच घरातला दुसरा जातो असा नियम मालिकेतसुद्धा नाही. ही भर आपल्याकडची.

मावशी, तुझ्या दंडावर देवीची लस टोचल्याचा तो गोल वण आहे ना? तुझं मरण तेव्हा टळलं असेलही. त्याबदल्यात आजोळचं कोण गेलं? देवीचा रोग जगातून संपल्याचं १९८० साली जाहीर झालं. तेव्हापासून जी कोट्यवधी माणसं त्या रोगाने मेली नाहीत, त्यांचा हिशोब निसर्गाने कुठल्या वहीत मांडला? काकांच्या हृदयात स्टेंट बसला तेव्हा तू गणपतीला नवस बोललीस, हिशोबाची भीती घातली नाहीस. आणि दर वटपौर्णिमेला ज्या सावित्रीसाठी वडाला सूत गुंडाळतेस, तिने तर खुद्द यमाच्या हातून नवरा सोडवून आणला. बदल्यात घरातलं कुणी गेलं का? उलट सासऱ्यांचे डोळे परत आले, गेलेलं राज्य मिळालं. आपल्या पोथीत नसलेली भीती फॉक्स वाहिनीवरून कशाला आणायची?

तिकडे सीपीआरचं गणित अगदी रोखठोक आहे. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर हृदय थांबलंय असं धरायचं. १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगायचं आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. काहीच केलं नाही तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. नुसतं छातीत दुखतंय आणि माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय, तर छाती दाबायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. रुग्णवाहिका गल्लीत वळेपर्यंतची ती मिनिटं घरातल्यांच्याच हातात असतात. फॉरवर्ड नेमका तोच हात मागे ओढायला सांगतो. बाकी थापा चालवून घेतल्या असत्या, ही नाही.

राहता राहिला मेंदू. हृदय थांबल्यावरही काही क्षण मेंदूत विद्युत हालचाल दिसते, अशी एका ८७ वर्षांच्या रुग्णाची नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली. एक रुग्ण, काही सेकंद. त्यावरून शवागारातलं प्रेत हाक मारतं इथवर पोचायला फारच लांब उडी लागते.

शेवटी ‘अकरा जणांना पाठवा’ आहेच. मावशीने पाठवला, आणि त्यातले निम्मे याच ग्रुपवर आहेत, त्यांनी आता हेही वाचावं. सीपीआरचा वर्ग रविवारी सकाळी आहे. मावसबहिणीबरोबर मीही जातेय. मावशी, तुझंही नाव घालतेय, गुडघ्याचं कारण सांगू नकोस.