दुपारच्या मालिका बघणाऱ्या बायका रिकामटेकड्या नव्हत्या

आमच्या सांगलीतल्या गल्लीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. पाचव्यांदा आला तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हणणं असं: नव्वदीतल्या दुपारच्या मालिका हा रिकामटेकड्या बायकांचा उद्योग होता, त्यात सासू-सुनांच्या रडारडीपलीकडं काही नव्हतं, त्यातून एकही धड कलाकार घडला नाही, आणि रोजच्या मालिकांचं खूळ खासगी वाहिन्यांनी आणलं, दूरदर्शन तेरा भागांत आटपायचं.

‘रिकामटेकड्या’ हा शब्द मला लागला, म्हणून आधी तोच घेते. गावभागातल्या आमच्या घरी आई साड्यांना फॉल लावायची. जेवणं उरकली की गल्लीतल्या चार-पाच जणी दारातूनच विचारायच्या, "वैनी, लावलाय का टीव्ही?" कुणाच्या पुढ्यात फोडायच्या शेंगा, कुणाच्या सुपात तांदूळ. आईची मान सुईवरच. निम्मी मालिका ती कानांनी बघायची. कुणाचा आवाज चढला की वर बघायची, तेवढीच सुई थांबायची. दोन मालिका संपेतो एक साडी हातावेगळी व्हायची, आणि त्या पैशातून आमच्या वह्या यायच्या. यातली रिकामी कोण होती, ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

आता सासू-सून. ‘शांती’ 1994 साली दूरदर्शनवर आली. मंदिरा बेदीनं केलेली शांती पत्रकार होती. सिनेमातल्या दोन बड्या असामींचं चरित्र लिहायचं म्हणून ती त्यांच्या हवेलीत शिरते, पण खरं तर तिला आईवर झालेल्या अत्याचाराचा जाब विचारायचा असतो आणि आपला बाप कोण ते शोधायचं असतं. ज्या घरांत ‘बलात्कार’ हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, तिथं ही गोष्ट भरदुपारी बघितली गेली. शेंगा फोडता फोडता बायका त्यावर बोलल्या, आम्ही पोरी ऐकत होतो. ‘स्वाभिमान’मधली स्वेतलाना तर लग्नाची बायकोही नाही. उद्योगपती केशव मल्होत्रा जातो आणि ती त्याच्या घरच्यांसमोर ताठ उभी राहते. किटू गिडवानीचं ते बघणं आईला अजून आठवतं. सह्याद्रीवरची ‘दामिनी’सुद्धा पत्रकारच. साडेचारला सगळ्यांच्या चहाची वेळ, पण प्रतीक्षा लोणकर दिसेपर्यंत आधण ठेवलं जायचं नाही. नोकरी करणारी, सत्तेतल्या माणसाला प्रश्न विचारणारी मराठी बाई आम्हाला रोज भेटली ती तिथंच.

रडारड होती का? होती. ‘शांती’ पुढं पुढं लांबली, तेही मान्य. पण खासगी वाहिन्यांनी खूळ आणलं, हे साफ चूक. ‘हम लोग’ 1984 सालचं, दीडशेवर भागांचं, आणि तेही दूरदर्शनचंच. रोजची मालिकाही दूरदर्शननंच रुजवली. ज्या सासू-सुनेवर सगळं खापर फोडतात ती ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ 2000 साली आली, ‘शांती’नंतर सहा वर्षांनी. तेरा भागांच्या मालिका होत्याच, पण त्या आठवड्यातून एकदा लागायच्या.

कलाकारांचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात. नट कसा पारखायचा, हे आमच्या गल्लीला कुणी शिकवायची गरज नाही. प्रतीक्षा लोणकर पुढं ‘इक्बाल’मध्ये त्या मुक्या पोराची आई झाली; एकदा बघा आणि मग बोला. मनोज वाजपेयी ‘स्वाभिमान’मध्ये होता, ‘सत्या’ त्यानंतर आला, 1998 साली. आशुतोष राणाही तिथलाच, त्यागीचं काम करायचा. त्याच वर्षी ‘दुश्मन’ लागला तेव्हा आई आणि शेजारच्या काकू थेटरात गेल्या होत्या. पडद्यावर तो पोस्टमनच्या वेशात आला, आणि भोवतीचे लोक हा कोण नवीन म्हणून बघत असताना आई काकूंच्या कानात म्हणाली, "अगं, हा आपला त्यागी की!"