मुक्त पुस्तकावर तुमचा शिक्का कशाला?

दुर्मीळ मराठी पुस्तकाची पीडीएफ मिळाली म्हणून आनंदाने उघडावी, तर प्रत्येक पानावर आडवं-तिरकं कुणाच्या तरी ग्रुपचं नाव! तेही इतकं ठसठशीत की खालच्या दोन-तीन ओळी वाचताच येत नाहीत. वर फाइलला पासवर्ड. आणि शेवटी 'सर्व हक्क राखीव'.

अहो, कुठले हक्क? आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात (१९९२ पूर्वी तर ५०च होती). साने गुरुजी १९५० साली गेले. हयातीत छापलेलं त्यांचं लेखन २०११पासून सगळ्यांचं आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी १९१९ साली गेले, त्यांचं तर कधीच मोकळं झालंय. पान स्कॅनरवर ठेवल्याने कुणी पुस्तकाचा मालक होत नाही!

मेहनत घेतलीत, मान्य. पहिल्या पानावर खुशाल नाव लिहा. पण मजकुरावर का? विकिस्रोतावर, म्हणजे मुक्त पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, माणसं एकेक पान ओसीआरमधून (स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी प्रणाली) काढतात, ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसतात, एक पैसा न घेता. तुमच्या शिक्क्याखाली जोडाक्षरांचा पार चुराडा होतो. ज्या दृष्टिहीनांचं वाचन स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यांच्या हाती तर काहीच लागत नाही. ते कुणाच्या लक्षातही येत नाही, याचा जास्त संताप होतो.

शिक्का न मारलेले मूळ स्कॅन तुमच्याकडे पडून असतील ना? ते विकिस्रोतासाठी चढवा की.