ओयूजीएचचा जाच

संध्याकाळचे सात वाजले की खानापूरपासून निपाणीपर्यंत मराठी घरांतून एक जप सुरू होतो. 'टी-ओ-यू-जी-एच टफ, टफ म्हणजे चिवट. सी-ओ-यू-जी-एच कफ, कफ म्हणजे खोकला.' इथंच पहिला खडा लागतो, कारण तो उच्चार कफ नाही, कॉफ आहे. पण आपल्याकडे कफ आणि खोकला एकाच छातीत नांदत असल्यामुळे ही चूक पिढ्यान्पिढ्या कुणाला खटकलेली नाही.

सीमाभागातलं पोर तीन भाषांत वाढतं. घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, दप्तरात इंग्रजी. पहिल्या दोघींचा व्यवहार रोखीचा: लिहिलंय ते वाचा. कन्नड तर आपल्याहून काटेकोर. तिथं ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ यांची अक्षरंच वेगळी. 'कोडु' तोकडं म्हटलं तर 'दे', ओढून म्हटलं तर 'शिंग'. म्हणजे मागायला जावं आणि शिंग अंगावर यावं, इतकी कडक शिस्त. या शिस्तीतून आलेल्या पोरापुढं आपण ओ, यू, जी, एच ही चौकडी आणून बसवतो आणि वर सांगतो, 'जी-एच लिहायचं, पण म्हणायचं नाही.' पोर विचारतं, 'म्हणायचंच न्हाई तर ल्ह्यायचं कशाला ओ?' मला हा प्रश्न अत्यंत रास्त वाटतो.

त्याचं उत्तर असं की एके काळी ते म्हणत होते. जुन्या इंग्रजीत या जागी घशातून खरवडून काढलेला ख होता. जर्मनांनी तो अजून टाकलेला नाही. इंग्रज रात्रीला नाइट आणि मुलीला डॉटर म्हणतात, तिथं जर्मन नाख्ट आणि टोख्टर म्हणतात. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन फ्रेंचांचं राज्य आलं. त्यांच्या वळणाच्या लेखनिकांनी हा ख कागदावर जी-एच असा उतरवायची चाल पाडली. १४७६ साली कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंगं हळूहळू शिशात गोठायला लागली. उच्चार मात्र कुणाची वाट न बघता चालत राहिले. घसा खरवडायचा कंटाळा येऊन काही शब्दांनी तो ख साफ गिळला, काहींनी त्याचा फ केला. छापखान्याला ही बातमी काही पोचली नाही.

आता प्रत्यक्ष पाठांतराचं. गाइडात हे शब्द एबीसीडीच्या क्रमानं देतात, तोच घोटाळ्याचा उगम. आवाजानुसार ढीग करावेत. फ चा ढीग आधी: टफ, रफ म्हणजे खडबडीत, इनफ म्हणजे पुरेसं. त्यातच कॉफ आणि ट्रॉफ. ट्रॉफ म्हणजे गोठ्यातली गव्हाण. मग ओ चा ढीग: दो म्हणजे 'तरीसुद्धा', डो म्हणजे मळलेली कणीक. मग आऊ: बाऊ म्हणजे झाडाची जाड फांदी, प्लाऊ म्हणजे नांगर. (नांगर जहाजालाही असतो, पण बेळगावात समुद्र नसल्यामुळे गैरसमज होत नाही.) ड्राऊट याच ढिगातला, शेवटी टी असला तरी. त्याचा अर्थ गाइडात दुष्काळ देतात. खरं तर ड्राऊट म्हणजे अवर्षण, पाऊस न पडणं. दुष्काळ म्हणजे फॅमिन, अन्नच नसणं. अथणीकडच्या पोराला हा फरक सांगावा लागत नाही. कणकुंबीकडच्या पोराला, जिथं पावसाळ्यात छत्रीलाही बुरशी येते, त्याला ड्राऊट ही कल्पनाच पाठ करावी लागते.

खरी परीक्षा एका घराण्यात आहे. टफ घ्या. टी नंतर एच घाला: दो. त्या एच नंतर आर घाला: थ्रू, म्हणजे आरपार. आता एच आणि आर यांच्या मध्ये एक ओ घाला: थरा, म्हणजे कसून केलेलं. थरो म्हटलं तरी अमेरिकेत खपतं. परत दो वर या आणि शेवटी टी जोडा: थॉट, म्हणजे विचार. दर वेळी एकच अक्षर वाढतं आणि आवाज पूर्ण बदलतो. यात हे वाढवलेलं अक्षर गळलं तरी जो शब्द उरतो तोही अस्सल इंग्रजी असतो, त्यामुळे मोबाइल बहुतेक वेळा त्याच्याखाली लाल रेघ मारत नाही. तपासणारेही घाईत असले तर सोडून देतात, आणि पोराला वाटतं आपलं बरोबर होतं.

भूतकाळी रूपांना मात्र एक खरोखर उपयोगी युक्ती आहे. कॅच आणि टीच या मूळ क्रियापदांत ए हे अक्षर आहे, म्हणून कॉट आणि टॉट मध्ये ए-यू-जी-एच. बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक यांत ए नाही, म्हणून बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट मध्ये ओ-यू-जी-एच. आणि ब्रिंगमध्ये आर आहे म्हणून तो ब्रॉटमध्ये. बायमध्ये नाही, म्हणून बॉटमध्ये नाही. एवढं कळलं की 'बाजारातून आणलं' आणि 'विकत घेतलं' यांची अदलाबदल थांबते.

ए-यू-जी-एच वाले काही साधे नाहीत. लाफ्टर म्हणजे हसणं, त्याच्या आधी एक एस लावला की स्लॉटर, म्हणजे कत्तल. फ चाही तिथंच बळी जातो.

आपण फार हसू नये. चुलीवर चहा ठेवला, या आपल्या वाक्यात च एकच आणि उच्चार दोन, आणि कुठला कुठं हे शेजारच्या कन्नड माणसानं विचारलं की आपणही 'सवयीनं कळतंय' म्हणून वेळ मारून नेतो.

अमेरिकनांनी नांगराचं स्पेलिंग पी-एल-ओ-डब्ल्यू करून टाकलं. आमच्याकडच्या परीक्षेत ते लिहू नये. शिकवतात ब्रिटिश वळणाचं. उचकीचं हिकप मात्र साध्या यू-पी नंच लिहावं. कुणीतरी तिचा खोकल्याशी संबंध लावून शेवटी सी-ओ-यू-जी-एच चिकटवलं. तेही कोशात आहे, पण उच्चार हिकपच राहतो.

आमच्या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगचा निकाल सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ ला लावला, बेलगामचं बेळगावी केलं. घरात आम्ही बेळगावच म्हणतो, पण निदान पाटीवर जे आहे ते वाचता तरी येतं. इंग्लंडात एक गाव आहे, त्याच्या नावात ही चौकडी दोनदा येते: एल-ओ-यू-जी-एच, मग बी-ओ-आर-ओ-यू-जी-एच. वाचायचं लफबरा. पहिल्या वेळी फ, दुसऱ्या वेळी नुसता अ. पोरांना हे नाव शेवटी सांगावं, आधी सांगितलं तर वही मिटून ठेवतात.